हंस यायचेत, त्सोना यायचीय

११ नोव्हेंबर. सकाळ.

नवी वही. ओळी फार फिक्या छापल्यात. कारखानेवाले आता शाईसुद्धा वाचवायला लागले. मी मोठ्या अक्षरात लिहिणार.

त्सोना काल मिग्लेनाकडे गेली. आईने मुलीकडे जायचं नाही तर कुठे जायचं. सीमेपलीकडे रुमानियात, खाडीकाठच्या गावात. नातीला दात येतायत. दोन आठवड्यांचा प्रश्न आहे.

निघताना जरा शब्दाला शब्द लागला. दातांवरून नाही, माझ्या डोळ्यांवरून. तिचं म्हणणं, वार्ना शहरातल्या डॉक्टरला दाखव, मोतीबिंदू पिकलाय, नाहीतर यंदा मी तुझ्याबरोबर तळ्यावर येणार नाही. मी म्हणालो, सत्तावीस हिवाळे या डोळ्यांनी हंस मोजलेत, राजधानीत, सोफियाच्या पक्षीसंस्थेत मला तळ्याचा डोळा म्हणतात. कोण म्हणतं, असं तिने विचारलं. मी म्हणालो, म्हणतात. (मागे एका जेवणात एकजण म्हणाला होता. नाव आठवत नाही.) यावर तिने बॅग उचलली.

हरकत नाही. ती बरोबर यायची ती सोबत म्हणून. नजर माझी असायची, मोजणीचा क्लिकर, दाबला की एक आकडा वाढतो तो, आणि थर्मास तिच्या हातात. मी आकडा सांगायचो, ती कागदावर उतरवायची.

संकल्प. रोज उजाडायच्या आत तळ्यावर. दुपारी बारापर्यंत राकियाच्या बाटलीला हात लावायचा नाही. कोबीच्या पिंपातलं खारं पाणी दिवसाआड खालच्या तोटीने काढून वरून ओतायचं, नाहीतर लोणचं नासतं. हे त्सोना करायची. अवघड काही नाही. तोटी आहे, बादली आहे.

१४ नोव्हेंबर. ६.५०.

आले. पेयोच्या गव्हात उत्तरेच्या अंगाला चारशे तरी. निम्मे लालछाती, निम्मे पांढरकपाळे. इतक्या लवकर कधीच आले नव्हते. एकाचाही आवाज नाही. प्रवासाचा थकवा असणार. ताबडतोब सोफियाला रालित्साला फोन केला. ती संस्थेतली आमची डॉक्टर, पक्ष्यांची. झोपेतच होती. म्हणाली, काका, चौदा डिग्रीत? तिकडे वर अजून बर्फसुद्धा पडलेला नाही. मी म्हणालो, बाळ, पुस्तकं बाजूला ठेव. ती म्हणाली, बरं, फोटो पाठवा.

त्याच दिवशी, दुपार.

पेयो ट्रॅक्टरवरून आला. शेजारी आहे, तळ्याकाठचा सगळा गहू त्याचाच. म्हणाला, रुसीदादा, सकाळपासून माझ्या शेणखताच्या ढिगांकडे दुर्बीण लावून बसलायस, काही हरवलंय का? मी म्हणालो, हंस ढिगांच्या मधे होते. तो म्हणाला, चारशे? मी म्हणालो, तुझा ट्रॅक्टर ऐकून उडाले. पेयो माणूस वाईट नाही, पण त्याला निसर्गाची समज नाही.

रालित्साला फोटो पाठवला नाही. उजेड बरोबर नव्हता.

२० नोव्हेंबर.

पिंपात पाहिलं. वर पांढरी साय आलीय. बहुधा चांगलं लक्षण. उद्यापासून दिवसाआड नक्की.

२६ नोव्हेंबर.

दोन आठवडे परवाच संपले. त्सोनाचा फोन. नातीला तिसरा दात येतोय, म्हणजे अजून थोडे दिवस. मी विचारलं, तिकडे थंडी पडली का? म्हणाली, नाही. मग तिने विचारलं, डॉक्टरला फोन केलास का? मी म्हणालो, नंबर सापडत नाही. ती म्हणाली, फ्रिजच्या दारावर लाल पेनने हातभर मोठा लिहून ठेवलाय. मी म्हणालो, फ्रिजवर मला काही दिसलं नाही.

मग फोन बंद झाला. रेंज गेली असावी.

६ डिसेंबर. निकोलाचा सण.

गावभर भरलेल्या माशाचा वास. पेयोची बायको स्तांका सकाळीच सांगून गेली, भावजी, जेवायला या, एकटे काय करणार. मी म्हणालो, मी एकटा नाही, माझा स्वयंपाक आहे. साडेबाराला गेलो. (राकिया सव्वाबाराला. संकल्प शाबूत.)

स्तांकाने विचारलं, त्सोनाबाई कधी येणार? मी म्हणालो, हंसांबरोबर. ती हसली. मी थट्टा करत नव्हतो. सत्तावीस वर्षांत तिने जानेवारीची मोजणी एकदाही चुकवलेली नाही, मिग्लेना पोटात होती तेव्हासुद्धा नाही. तळ्यावर हंस उतरले हे कळलं की ती पहिल्या बसने येईल. क्लिकर दुसऱ्या कुणाच्या हातात बसतच नाही.

पेयो म्हणाला, दादा, यंदा येतायत कसले? माझ्या दाराशी आलुबुखाऱ्याला कळ्या धरल्यात. डिसेंबरात. मग म्हणाला, दरवर्षी ते माझा गहू मुळापासून ओरबाडतात, मी शिव्या घालतो. यंदा गहू बघ, गालिचा आहे. आणि मला शेतात जावंसं वाटत नाही.

खरं सांगायचं तर घर फार मोठं झालंय. खोल्या तेवढ्याच आहेत. ती परत यायला हवी. हे मी इथे लिहितोय. फोनवर म्हणणार नाही, तिला वाटेल मी डोळ्यांच्या बाबतीत नमतं घेतलं.

१५ डिसेंबर.

तळं रिकामं. आज मी न बघता नुसतं ऐकलं. पहाटे इथे असा गलका असायचा की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. पांढरकपाळे खिदळल्यासारखे, लालछाती बारीक, दोन सुरांत. आज समुद्र तेवढा ऐकू आला, आणि पेयोचा पंप.

कारण मात्र सापडलं. दुपारभर जुन्या वह्या काढून बसलो. इग्नाताच्या दिवशी, वीस डिसेंबरला, घरात जो पहिला पाय टाकेल त्याच्या पायगुणावर वर्ष जातं, हे इथे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ज्या वर्षी पोस्टमन पहिला आला त्या वर्षी एकोणीस हजार हंस होते. ज्या वर्षी कर्जवसुलीचा साहेब आला त्या वर्षी तळं गोठलं. आणि गेल्या वर्षी कोण आलं? पेयो. रिकाम्या हाताने, ड्रिल मशीन मागायला, खांद्यावर शिकारीची बंदूक. मग हंस यायचे कसे? त्सोनाचं डोकंही त्याच वर्षात फिरलं.

आता सगळं सरळ आहे. रालित्सा वीस तारखेला टेलिस्कोप तपासायला येणारच आहे. ती जाईल तिथे पक्षी येतात. या वर्षी पहिला पाय तिचा. ती येईपर्यंत दाराला आतून कडी. मग हंस येतील, आणि हंस आले की त्सोना येईल.

पंधरा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

१९ डिसेंबर.

तयारी पूर्ण. अक्रोड, सुकी फळं, चूल ढवळायला काटकी. पाहुण्याला पेंढ्यावर बसवायचं, म्हणजे कोंबड्या अंड्यांवर बसतात. कोंबडीला लागू पडतं तर हंसाला का नाही? भरपूर पेंढा अंथरला.

पेयोला बजावलं, उद्या माझ्या फाटकापाशी फिरकायचं नाही. तो म्हणाला, आणि वहिनी आल्या तर? मी म्हणालो, तिचा चौथा दात चालू आहे. तो म्हणाला, कुणाचा? पेयोशी बोलणं म्हणजे वेळ घालवणं.

संध्याकाळी फोनवर त्सोनाचे तीन मिस्ड कॉल दिसले. फोन कोबीच्या पिंपावर राहिला होता. उद्याचं काम आटोपलं की करीन, चांगली बातमी घेऊनच.

२० डिसेंबर. ७.२०.



सात वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं. खिडकीतून पाहिलं. तपकिरी कोट, हातात बॅग. स्तांकाचा कोट तपकिरीच आहे. मी विचारलं, कोण? बाहेरून आवाज आला, मी आहे. मी म्हणालो, मी आहे असं कुणीही म्हणेल. आवाज म्हणाला, रुसी, मीच आहे रे, उघड, पाय भरून आलेत. मी म्हणालो, कुणीही असा, आज तुमचा पाय नको, नऊनंतर या.

आवाज ओळखीचा वाटला. पण आजच्या दिवशी ओळखीवर जाता येत नाही. एवढी सगळी तयारी, आणि नेमकं शेवटच्या क्षणी.

 मग पायरीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज. मग पायऱ्या उतरल्याचा. आमची तिसरी पायरी मोडकी आहे, गावातला प्रत्येकजण तिथे अडखळतो. जी कोण होती ती अडखळली नाही.

९.४०.

रालित्सा आली. तिसऱ्या पायरीवर अडखळली. उजवा पाय आत टाकला, चूल ढवळली, पेंढ्यावर पंधरा मिनिटं बसली. उत्तम झालं. म्हणाली, काका, मला फक्त टेलिस्कोप बघायचा होता.

दारातली बॅग तिनेच आत आणली. टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं, त्यात कोबीच्या पानात भरलेल्या खिम्याच्या गुंडाळ्या. लोकरीचे मोजे. डॉक्टरची चिठ्ठी, वार्ना, २३ जानेवारी, सकाळी दहा. आणि क्लिकर.

मी म्हणालो, स्तांका फार काळजी घेते. रालित्सा माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीकडे बघत राहिलो.

११.००.

पेयो आला. आता यायला हरकत नव्हती, पण तो उंबऱ्याबाहेरच थांबला. म्हणाला, वहिनींना स्टँडवर सोडून आलो. पहाटे दोनला निघून दोन बस बदलून आल्या होत्या. दादा, तू त्यांना दारातून परत पाठवलंस?

मी म्हणालो, ती इथलीच आहे, तिला रीत माहीत आहे. नऊपर्यंत थांबायला काय झालं होतं? तो म्हणाला, हे तू त्यांना सांग. मी विचारलं, ती काही म्हणाली का? तो म्हणाला, उतरताना एवढंच म्हणाल्या, पिंपाचं पाणी बदलतो का ते बघ.

पिंपाचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.  

२१ डिसेंबर.

अकरा फोन केले. बाराव्याला मिग्लेनाने उचलला. म्हणाली, आई झोपलीय. मी म्हणालो, तिला सांग, पायगुण झाला, आता दार उघडं आहे, केव्हाही ये. मिग्लेना म्हणाली, बाबा, ती नववर्षासाठी नाही, कायमची परत आली होती. तिचं सगळं सामान मागून येणार होतं.

मी म्हणालो, मग तसं कळवायचं. ती म्हणाली, तीन फोन केले होते तिने.

६ जानेवारी. योर्दानाचा दिवस.

पाद्रीबाबांनी समुद्रात क्रॉस टाकला. दरवर्षी पोरं बोंबलत उडी मारतात आणि निळी होऊन बाहेर येतात. यंदा क्रॉस सापडल्यावरही गप्पा मारत पाण्यातच उभी. अकरा डिग्री. पाद्रीबाबा वैतागून म्हणाले, अरे, बाहेर या, अजून प्रार्थना आहे.

हंस नाहीत. रालित्साचा पाय कदाचित सावकाश लागू पडणारा असेल.

कोबी गेली. पेयोने नाकाला रुमाल बांधून पिंप परसात नेलं. त्याने काही म्हटलं नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी. मोजणीचा दिवस.

सगळं जसंच्या तसं लिहायचं ठरवलंय.

पावणेसातला मी आणि रालित्सा काठावर. क्लिकर माझ्या हातात. उजाडताच मला ते दिसले. पलीकडच्या काठाला, पाण्यालगत, करडे, हलणारे, दाटीवाटीने. मी दाबत गेलो. अंगठा दुखायला लागला. म्हणालो, तीन हजार दोनशे, कमीत कमी.  मी म्हणालो, लिही ना. ती हळूच म्हणाली, काका, ते बोरूचे तुरे आहेत. वाऱ्याने हलतायत.

मी म्हणालो, सगळे? ती म्हणाली, सगळे. ऐका ना जरा.

ऐकलं. बोरू सळसळत होते, बाकी काही नाही.

मग मी फार बोललो. संस्थेचा टेलिस्कोप भंगारातला आहे म्हणालो. सत्तावीस वर्षांचे कागद काढ म्हणालो, बघ माझा एक आकडा चुकलाय का. तिच्या गाडीत जुन्या कागदांची फाइल होती. तिला ती काढायची नव्हती. मीच हट्ट केला, आणि वाचता येईना म्हणून तिलाच वाचायला लावली.

अक्षर सगळं त्सोनाचं, हे मला ठाऊकच होतं. समासातली बारीक नोंद ठाऊक नव्हती. नऊ वर्षांपूर्वीची: रुसी म्हणतो नऊ हजार, पाच हजार एकशे त्रेचाळीस आहेत, तेच लिहिलं. पुढल्या वर्षी: रुसी म्हणतो बारा हजार, सहा हजार सातशे आठ, त्याला सांगू नये. मग दरवर्षी. गेल्या वर्षी: रुसीला आता काठसुद्धा दिसत नाही. दोन हजार ब्याण्णव. त्याला सांगू नये, ही विनंती.

संस्थेत सगळ्यांना माहीत होतं. मी विचारलं, मग तळ्याचा डोळा कुणाला म्हणायचे? रालित्सा म्हणाली, काका, चहा घेऊ या.

थर्मासचं झाकण मला उघडता आलं नाही.

यंदाचा आकडा तिने लिहिला. शून्य. तळ्यावर शून्य, गव्हात शून्य. मी विचारलं, मेले का सगळे? ती म्हणाली, तसं नाही. वर थंडी नाही, मग इतक्या खाली कशाला येतील? रुमानियाच्या खाडीवर थांबलेत. काही वर्षं हेच चाललंय. आणखी अशी वर्षं आली तर इथला रस्ता नवी पिल्लं शिकणारच नाहीत. तिकडचे आकडे आत्ताच फोनवर आलेत, फार नेटके, अकरा हजार दोनशे छत्तीस. नवीन कुणीतरी मोजणारं मिळालंय.

मी विचारलं, कोण? तिने फोन खिशात ठेवला. मी पुन्हा विचारलं नाही. छत्तीस. हजारांवर छत्तीस लिहिणारी माणसं जगात किती असतात?

१८ जानेवारी.

पेयोला सांगितलं, मी तिकडे जातोय. त्सोनाला क्लिकर पोचवायला हवा, कामाचं यंत्र आहे, आणि तिची मोजणी एकदा तपासायला हवी. पेयो म्हणाला, बस मी दाखवतो, नाहीतर दुधाच्या गाडीत बसशील. मग म्हणाला, दादा, तपासणीचं त्यांना सांगू नकोस हं.

संकल्प नाहीत. ओळी तशाही दिसत नाहीत.

१९ जानेवारी. ७.३०. मिग्लेनाच्या घराची पायरी.

दोन बस बदलल्या. पाय भरून आलेत. दोन ठिकाणी अडखळलो, इथल्या पायऱ्या मला माहीत नाहीत.

दार वाजवलं. आतून त्सोनाने विचारलं, कोण? मी म्हणालो, मी आहे.  मग ती म्हणाली, मी आहे असं कुणीही म्हणेल.

बरोबर आहे.

मी म्हणालो, क्लिकर आणलाय. मी म्हणालो, कोबी नासली. मग म्हणालो, त्सोना, त्या दिवशी मी आवाज ओळखला होता. हे म्हणायला फार वेळ लागला.  मिग्लेनाचा आवाज आला, आई, उघड ना. नातीचाही आला, तिला आता पुष्कळ दात असतील.

मग त्सोनाने विचारलं, तेवीस तारखेला कुठे जायचंय? मी म्हणालो, वार्नाला, दहा वाजता, चिठ्ठी खिशात आहे. तिने विचारलं, का जायचंय? मी म्हणालो, मला दिसत नाही म्हणून.

ती म्हणाली, नऊनंतर ये.

म्हणून पायरीवर बसलोय. थंडी आहे, थोडी. लिहिता लिहिता ते खाडीकडून आले. दिसले नाहीत, ऐकू आले. आधी पांढरकपाळे, खिदळत, मग लालछाती, बारीक, दोन सुरांत, एकामागून एक, घरावरून. मी तोंड वर करून बसून राहिलो. नुसतं करडं होतं सगळं.

खिडकी उघडली. तिचा हात बाहेर आला. म्हणाली, क्लिकर दे. दिला. वरती टकटक सुरू झाली.

मी विचारलं, किती आहेत?

ती म्हणाली, मोजतेय, गप्प बस.